भाकऱ्या शिंप्याचा तिरंगा

शिंप्याच्या धंद्यात झेंड्याइतकं गुणी गिऱ्हाईक नाही, असं मी तरुणपणी समजत होतो. ते बगलेत आवळतं म्हणून कुरकुरत नाही, लग्नाच्या आदल्या दिवशी अंगानं सुटत नाही, आणि शेजाऱ्याचा सदरा माझ्यापेक्षा बरा का झाला असंही विचारत नाही. चार बाजू दुमडायच्या, काठीकडच्या बाजूला दोरीसाठी नेफा ठेवायचा, झालं काम. जन्मभर मी सदरे, बंड्या, पैरणी आणि शेरवान्या शिवल्या. तऱ्हेवाईक माणसं पुष्कळ भेटली, पण कुणी मला रडवलं नाही. रडवलं ते दोन झेंड्यांनी.

आमचं जळकोट सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर. गाव निजामाचं आणि वारं सोलापूरचं, अशी आमची गत. कचेरीत जायचं तर शेरवानी पाहिजे, हा दंडक असल्यामुळं माझ्या मशीनला बऱ्यापैकी काम असायचं. एकदा दोन कारकून भावांनी मिळून एकच शेरवानी शिवायला टाकली. थोरला पोटानं सुखी आणि धाकटा तुरीच्या काडीसारखा. माप कुणाचं घेऊ, असं विचारलं तर थोरला म्हणाला, "दोघांच्या मधलं घ्या की." मी बटणांच्या दोन रांगा लावून दिल्या. कडेची रांग थोरल्याची, आतली धाकट्याची. दोघं आळीपाळीनं कचेरीत जायचे आणि साहेबाला वाटायचं, हा माणूस एका दिवसात वाळतो कसा आणि एका दिवसात फुगतो कसा. सांगायचा मुद्दा असा की अडचणीतून वाट काढण्यात मी काही कच्चा नव्हतो.

त्यामुळंच चावडीवरच्या सरकारी झेंड्याचं काम माझ्याकडं आलं. निजामाचा झेंडा पिवळा आणि मधोमध पांढरा गोल. त्या गोलाला म्हणायचं कुलचा. निजामाच्या मूळपुरुषाला कुण्या साधूनं कुलचे खाऊ घातले आणि जितके खाल्लेस तितक्या पिढ्या राज्य करशील असा आशीर्वाद दिला, अशी गोष्ट आमच्याकडं सांगत. कुलचा म्हणजे मैद्याची छोटी जाड रोटी. आता जळकोटात मैदा पाहिला होता कुणी? नमुना म्हणून तुळजापूरच्या कचेरीनं एक चिठोरा पाठवला होता, त्यावर नुसता एक गोल आणि बाकी सगळं उर्दू. मी कापडावर माझ्या बायकोचं, गंगूचं, जेवायचं पितळी ताट उपडं ठेवलं, खडूनं रेघ ओढली आणि गोल कापला. झेंड्याला दोन तोंडं असतात, म्हणून एक गोल या बाजूला आणि एक त्या बाजूला, असे दोन शिवले. गंगू त्या दिवशी पळसाच्या पानावर जेवली आणि माझ्याशी बोलली नाही.

कचेरीतला पेशकार झेंडा बघायला आला. त्यानं चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाला, "शिंपी, ये कुलचा है या ज्वार की भाकर?"

झालं. चावडीसमोर दगडूदादा सुतार बसलेले होते. गावातल्या बैलगाड्यांची सगळी चाकं त्यांच्या हातची, आणि गावातल्या माणसांना ठेवलेली नावंही त्यांच्याच हातची. ते तिथल्या तिथं म्हणाले, "भाकऱ्या शिंपी!" दुसऱ्या दिवशी निजाम हुजुरांचा वाढदिवस असल्यामुळं झेंडा बदलायला सवड नव्हती. भाकरी चढली ती चढलीच. उन्हात, वाऱ्यात ती चावडीवर वर्षानुवर्षं फडकली, आणि जो तिच्याकडं बघेल त्याला माझी आठवण यायची.

माझं नाव मल्हारी. गावात चार मल्हारी होते, पण भाकऱ्या मी एकटाच. सासुरवाडीची माणसंसुद्धा "भाकऱ्याचं दुकान कुठं?" असं विचारत यायची. मला या नावाचा मनापासून राग होता. मी हाकेला ओ द्यायचो नाही. माणूस समोर येऊन उभा राहिला तरी मी मशीन चालवत राहायचो. पण नाव असं, की जितकं झटकाल तितकं अंगाला बसतं.

पुढं अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली. सोलापूरकडून फौज आली आणि आमच्या वेशीवरून धुरळा उडवत हैदराबादकडं निघून गेली. निजामाचं राज्य गेलं. चावडीवरचा झेंडा उतरवला आणि कुणीतरी तो जाळायला निघालं. मी मधे पडलो. हातमागाचं धडधाकट कापड होतं, उन्हानं रंग तेवढा विटलेला. त्या दिवसांत कापड कंट्रोलवर, वावभर मांजरपाटासाठी लोक हात जोडायचे. राज्य वाईट असलं म्हणून कापडाला काय शिक्षा? मी तो झेंडा घडी करून दुकानात ठेवला.

दोन दिवसांनी निरोप आला की परवा सकाळी नवे साहेब येणार आणि चावडीवर तिरंगा चढवणार. झेंडा गावानं तयार ठेवावा. सिद्रामप्पा वाण्याच्या दुकानात बैठक भरली. सिद्रामप्पा म्हणजे गळ्यात लिंग, कपाळावर भस्म, हिशेब कानडीत आणि गिऱ्हाइकाशी वाद मराठीत. गावाचा न्यायनिवाडा त्यांच्या ओट्यावर व्हायचा.

"झेंडा सोलापुरास्नं तयार आणू," दगडूदादा म्हणाले. "या भाकऱ्याला दिला तर तिरंग्यात बी भाकरी येईल."

सगळे हसले. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठून म्हणालो, "दादा, तुमी वडील माणूस हायसा म्हणून ऐकून घेतो. पण आज सगळ्यांम्होरं सांगतो. झेंडा मीच शिवणार. त्यात भाकरी दिसली तर जलमभर मला भाकऱ्या म्हणा, मी हू की चू करणार न्हाय. न्हाय दिसली तर सगळ्या गावानं, अन् पहिल्यांदा तुमी, मला मल्हारअण्णा म्हणायचं."

"शर्त लागली!" सिद्रामप्पांनी तराजूच्या पारड्यावर हात मारला. "निवाडा मी करणार. शिवा शिवा, लई दिसांनी गावात काहीतरी बरं चाललंय."

तसंही सोलापूरचा रस्ता फौजेच्या गाड्यांनी अडलेला होता. काम माझ्याकडंच आलं.

आता खरी मौज सुरू झाली, कारण तिरंगा नेमका कसा असतो हे कुणालाच धड माहीत नव्हतं. आमच्याकडं तो घरात सापडला तर तुरुंगवारी होती. फौजेच्या जीपवरचा सगळ्यांनी पाहिला होता, पण धुरळ्यात, आणि प्रत्येकानं वेगळा. एक म्हणे मधे सूत काढायचा चरखा असतो, दुसरा म्हणे सूर्य, तिसऱ्यानं तर शपथेवर सांगितलं की मधे जातं असतं. अखेर शाळेचे गुरुजी पुढं आले. त्यांनी निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला जाऊन तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

"वर केशरी, म्हणजे त्याग," गुरुजी खडूनं भिंतीवर काढत म्हणाले. "मधे पांढरा, म्हणजे सत्य. खाली हिरवा, म्हणजे भूमी, शेती."

"गुरुजी, हिरवं खाली कसं?" एक शेतकरी म्हणाला. "आमच्या रानात हिरवं वर असतंय. खाली माती."

"अन् त्याग वर कशाला?" सिद्रामप्पा म्हणाले. "त्याग करणाऱ्यानं खाली बसावं. वर बसला तर तो कसला त्याग?"

गुरुजींनी कपाळ पुसलं आणि पांढऱ्या पट्टीत निळं चाक काढलं. चोवीस आऱ्यांचं. तसे दगडूदादा ताडकन उठले.

"चाकाला बारा आरं असत्यात. चोवीस आरं ठोकायला मधल्या तुंब्यात जागा कुठं हाय? तुंबा फुटंल!"

"दादा, हे गाडीचं चाक नाही. धर्माचं चाक आहे."

"धर्माचं का असंना! चाक म्हनलं की चालाया पायजे. अन् याची धाव कुठं हाय?"

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, लाकडी चाकाभोवती लोखंडाचं कडं तापवून चढवतात, त्याला धाव म्हणायचं. ती नसली तर दगडधोंड्यांवर चाक उकलून जातं.

"या चाकाला धाव नसते," गुरुजी म्हणाले.

"बिनधावंचं चाक वेशीपतोर बी जायाचं न्हाय, अन् तुमी त्यावर देश चालिवणार!" असं म्हणून दगडूदादा पागोटं सावरत निघून गेले. त्यांच्या धंद्याचा अपमान झाला होता. मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

पांढऱ्या पट्टीसाठी गुरुजींनी आपलं खादीचं उपरणं दिलं. केशरी आणि हिरवं कुठून आणायचं? माझ्यापाशी होता तो एकच पिवळा झेंडा. मी तो उचलला आणि करीमभाई रंगाऱ्याकडं गेलो.

करीमभाईचं दार बंद होतं. फौज गेल्यापासून, निजामाच्या राज्याचा राग आपल्यावर निघेल या भीतीनं, त्या मुसलमान गल्लीतली सगळीच दारं बंद होती. थाप ऐकली की आतलं बोलणं थांबायचं. ते दिवस वाईट होते. लहानपणापासून ज्या अंगणात मी गोट्या खेळलो तिथं उभं राहून मला माझं नाव ओरडून सांगावं लागलं, याचं आजही वाईट वाटतं.

"कोन?" आतून आवाज आला.

"मी मल्हारी."

"कोन मल्हारी?"

मी इकडंतिकडं बघितलं. गल्लीत कुणी नव्हतं. मी दाराच्या फटीला तोंड लावून हळूच म्हणालो, "भाकऱ्या."

खटकन कडी निघाली. "अरे, तो पैलेच बोलना ना! कैकू डराता?"

मी काम सांगितलं. करीमभाईनं पिवळं कापड बोटांत चोळलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडावर हसू आलं. "हौ, होता की. पीले पे लाल मारे तो केसरी, नीळ मारे तो हरा. इसमें क्या है?"

एकाच पिवळ्यातून दोन्ही रंग निघतात, हे ऐकून मला इतका आनंद झाला की मी तिथंच बसून झेंड्यावरचे दोन्ही कुलचे उसवले. झेंडा मधोमध आडवा कापला. वरचा अर्धा तांबड्याच्या घंगाळात, खालचा अर्धा निळीच्या. करीमभाईनं हात कोपरापर्यंत बुडवले. कापड वाळत घातलं ते मात्र घरातच, अंधाऱ्या खोलीत. रंगीत कापड अंगणात टांगायची त्या दिवसांत त्याला भीती वाटत होती, आणि बाहेर टांग म्हणायची मलाही हिंमत झाली नाही.

"झेंडा चढवायला याल ना?" मी विचारलं.

"देखेंगे," तो म्हणाला आणि हातावरचा रंग पुसत राहिला.

चाकासाठी या खेपेला ताट घेतलं नाही. शपथच होती. गंगूची दुधाच्या पातेल्यावरची झाकणी घेतली. "आता झाकणी बी सरकारजमा का?" तिनं विचारलं. "अन् मांजरानं दूध पिलं तर?" मांजरानं पिलंच. पण चाक असं बेतशीर बसलं की काय सांगू! चोवीसच्या चोवीस आरे दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या पाठीला पाठ लावून शिवले. पांढरी पट्टी उजेडाला धरून तपासली. पुढचा आरा आणि मागचा आरा यांत सुतभर फरक नाही.

मग तिन्ही पट्ट्या जोडायच्या. इथं धंद्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिवलेली किनार शहाणा शिंपी कधी उसवत नाही. जुन्या झेंड्याची वरची आणि खालची कड मी पूर्वी दुमडून पक्की शिवलेली होती. म्हणून ती तशीच बाहेरच्या अंगाला ठेवली आणि कापलेल्या कडा आत घेऊन पांढऱ्या पट्टीला जोडल्या. मेहनत निम्मी वाचली. माझ्या अकलेवर मी खूश झालो. गंगूनं बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतोय हो." आमच्या घरात एवढं कौतुक सणालाही होत नसे.

सकाळी सगळं गाव चावडीपुढं जमलं. मी धुतलेला सदरा घालून अगदी पुढं उभा होतो, आणि मनात 'मल्हारअण्णा, मल्हारअण्णा' असं घोळवत होतो. नवे साहेब जीपमधून आले. उंच, मिशावाले, हिंदी बोलणारे. त्यांनी दोरी ओढली, झेंडा वर गेला, गाठ सुटली आणि वाऱ्यानं तो पसरला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं कशाला सांगू, शर्त त्या क्षणी विसरलो होतो. तुरुंगाच्या भीतीनं ज्याचं नाव पुटपुटायचो ते कापड भर उन्हात फडफडत होतं, आणि टाके माझे होते.

तेवढ्यात झेंड्यामागं सूर्य आला.

केशरी पट्टीच्या खालच्या कडेला, चाकाच्या बरोबर डोक्यावर, एक गडद अर्धगोल उमटला. हिरव्या पट्टीच्या वरच्या कडेला, चाकाच्या बरोबर खाली, दुसरा.

मला कळायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं चावडीवरचं कापड उन्हानं विटलं होतं, पण दोन्ही कुलच्यांच्या आडोशाखाली जेवढं झाकलं होतं तेवढं नव्यासारखं पिवळंधमक राहिलं होतं. वरून रंग चढला, पण खालचा पिवळा जिथं दाट तिथं तो दाटच चढला. करीमभाईच्या अंधाऱ्या खोलीत हा फरक दिसला नाही. माझ्या दुकानात दिसला नाही. उजेडाला धरून पाहिली ती मी फक्त पांढरी पट्टी. आणि कापलेल्या कडा बाहेर घेतल्या असत्या, तर निदान हे दोन अर्धगोल एकमेकांपासून लांब तरी गेले असते. आता भारताच्या झेंड्यावर गंगूच्या ताटाएवढी भाकरी होती. अर्धी वर, अर्धी खाली आणि मधे चाक.

टाळ्या थांबल्या. साहेबांनी मान तिरकी केली. "ये गोल क्या है?"

गुरुजी खाली बघायला लागले. सिद्रामप्पा "शिवा शिवा" पुटपुटले. शर्तीचं सोडा, मी जुन्या सरकारचा शिंपी. नव्या झेंड्यात जुन्या राज्याची खूण शिवली म्हणून मला जीपमधून नेलं असतं तर कोण आडवा आला असता? गंगूनं माझा सदरा मागून घट्ट धरला.

"ये क्या है, किसने बनाया?" साहेबांचा आवाज चढला.

तसे गर्दीतून दगडूदादा पुढं आले. पागोटं सारखं केलं, झेंड्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "धाव हाय, सायेब."

"क्या?"

"धाव. लोखंडाचं कडं. चाकावर चढिवत्यात." त्यांनी हातानं गोल करून दाखवला. साहेबांना उमजेना. तेव्हा दगडूदादा सरळ त्यांच्या जीपपाशी गेले, चाकावर थाप मारली आणि म्हणाले, "हे! हे नसलं तर तुमी हितवर आला असता का?"

साहेबांनी टायरकडं बघितलं, झेंड्याकडं बघितलं, आणि मिशा हलायला लागल्या. "टायर!" ते खो खो हसले. "आप लोगों ने चक्र को टायर लगाया है!"

"रस्तं लई खराब हायत, सायेब," दगडूदादा गंभीरपणे म्हणाले.

साहेबांनी झेंड्याला कडक सलाम ठोकला. जाताना गुरुजींना सांगितलं की नियमाप्रमाणं चाकाला असलं काही नसतं, रस्ता खुला झाला की सोलापूरहून नीट झेंडा आणा, तोवर हा राहू द्या. जीप धुरळ्यात दिसेनाशी झाली.

मी दगडूदादांचे पाय धरले. "दादा, तुमी वाचिवलं."

"ऊठ. म्या कुठं वाचिवलं? चाकाला धाव पायजेच, म्या आधीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "भाकरीच हाय न्हवं?"

मी मान हलवली.

"शर्त?" सिद्रामप्पांनी लांबून विचारलं. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. दगडूदादा झेंड्याकडं बघत उभे राहिले. मनात आणलं असतं तर मीही 'धाव' म्हणून सुटलो असतो, आणि त्यांनी मला मल्हारअण्णा म्हणूनही टाकलं असतं.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून, लिंबाच्या झाडाखालून आवाज आला. करीमभाई होता. घराबाहेर पडायला त्याला एवढा वेळ लागला होता. कोपरापर्यंत एक हात तांबडा, एक निळा. पुढं यावं की नाही, अशा बेतानं तो उभा होता. त्यानं झेंड्याकडं बोट केलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडला,

"ए भाकऱ्याऽऽ! रंग कैसा चढ्या?"

चावडीवर कुणी हसलं नाही. सगळे थांबले होते, मी काय करतो ते बघत.

मी हात वर केला आणि जन्मात पहिल्यांदा त्या नावाला खणखणीत ओ दिली.